हुपरीकरांचे हात

हुपरीकरांच्या घरात कोणाचे हात स्वस्थ बसत नाहीत. याला खोड म्हणणं अन्यायाचं होईल, कारण घर चालतं ते त्याच्यावरच. धारवाडशेजारच्या शहरातल्या दाजीबानपेठेत 'हुपरीकर वस्त्रभांडार' उघडलं तेव्हा मुकुंदरावांना त्यांच्या वडिलांनी एकच नियम शिकवला होता: गिऱ्हाइकाचा हात कापडापर्यंत पोचायच्या आत आपला पोचला पाहिजे. गिऱ्हाईक नुसतं वरच्या फळीकडं बघतं, तोवर तिथली साडी गादीवर येऊन उलगडलेली असते. हा नियम पुढं दुकानात मावेना आणि घरात शिरला. मुकुंदराव लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्याच्या पानातली चटणी नीट करून देतात. त्यांची थोरली बहीण तानूबाई, जिला सगळं घर आणि निम्मी पेठ 'अक्का' म्हणते, ती बसमध्ये अनोळखी बाईच्या पदराची पिन काढून पुन्हा सरळ लावते, आणि ती बाई उतरून गेली की म्हणते, "आभार मानायची पद्धत राहिली नाही बघ."

अशा घरात मुकुंदरावांचा एकुलता एक मुलगा उमेश याने ठरवलं की आपल्या मुलीला कोणी मदत करायची नाही.

उमेश भौतिकशास्त्राचा पदवीधर. दुकानाच्या गादीवर बसल्यापासून त्या शास्त्राचा उपयोग एवढाच उरला होता, की डोक्यावरचा पंखा का डगमगतो हे तो गिऱ्हाइकांना सांगू शकत असे. पंखा डगमगायचा थांबला नव्हता. संक्रांतीनंतर एकदा तो धारवाडला सुभाष रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडं गेला. व्यापारी जेवायला गेला होता. ऊन टाळायला म्हणून उमेश जवळच्या एका सभागृहात शिरला, तर तिथं एक बाई लहान मुलांच्या शिकण्याबद्दल बोलत होत्या.

बाईंचं म्हणणं असं, की तीन-चार वर्षांचं मूल ऐकून शिकत नाही, हातानं शिकतं. पाणी ओतून, बटणं लावून, वस्तू लावून आणि पुन्हा विस्कटून. आणि ते आपल्या गतीनं शिकतं. मोठ्यांनी वस्तू मांडून ठेवाव्यात, एकदा करून दाखवावं आणि गप्प बसावं. "मागितल्याशिवाय केलेली मदत म्हणजे मुलाच्या वाटेतली धोंड," असं त्या शेवटी म्हणाल्या.

परतीच्या 'चिगरी' नावाच्या शहरबसमध्ये उमेशनं आपल्या मुलीचा विचार केला. मुलीचं नाव रेणुका, पण पेठेत ती पुट्टी. वय साडेतीन. तिनं आजवर स्वतः चप्पल घातली नव्हती. घालता येत नव्हती असं नाही. ती वाकायच्या आत तिच्या पायांशी घरातले चार हात पोचलेले असत. नवलूरपर्यंत उमेशला वाईट वाटलं. उणकलला त्याचा निश्चय झाला.

घरी आला तर मुकुंदरावांचा त्याच्या आधीच झालेला होता. "देसाईसाहेबांशी बोललो. जूनपासून एलकेजी. पुट्टीची जागा पक्की."

देसाईसाहेब एका इंग्रजी शाळेचे विश्वस्त. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नाचं कापड हुपरीकरांकडून जातं, त्यामुळं त्यांच्या शब्दाला शाळेत जेवढं वजन, तेवढंच या दुकानात. उमेशनं ती शाळा एकदा खिडकीतून पाहिली होती. पुट्टीएवढी मुलं तोंडावर बोट ठेवून रांगेत बसली होती आणि चार रेघांच्या वहीत एकच अक्षर पानभर लिहीत होती.

"अप्पा, एक वर्ष तिला घरी शिकू द्या."

"कोण शिकवणार?"

"कोणीच नाही."

मुकुंदरावांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. "उद्यापासून दुकानातही असंच करू. विकणार कोण, तर कोणीच नाही. साडी आपली आपण जाईल गिऱ्हाइकाच्या घरी."

उमेशनं बाईंचं सगळं भाषण पुन्हा सांगितलं. अप्पांनी ते गिऱ्हाइकाची तक्रार ऐकतात तसं, म्हणजे मान डोलवत आणि काही न ऐकता, ऐकलं. उमेशची बायको अनिता दुकानातल्या साड्यांचे फोटो मोबाइलवर टाकायचं काम बघते, ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "भाषण किती वेळ ऐकलंत?"

"तास-दीड तास."

"त्यातला पंख्याकडं बघण्यात किती गेला?"

उमेशनं हा प्रश्न विषयाला सोडून असल्याचं मानलं.

तोडगा अक्कानं काढला. रामनवमीला पेठेत दुकानादुकानांतून पानक देतात: गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेलं गार पाणी आणि सोबत डाळीची कोशिंबीर. देसाईसाहेब दर वर्षी पानक प्यायला हुपरीकरांकडं येतात. "त्या दिवशी पुट्टीनं साहेबांना पानक ओतून द्यायचं," अक्का म्हणाली. "कोणाचा हात लागता कामा नये. तिला जमलं तर वर्षभर तू म्हणशील तसं. हात लागला तर जूनला शाळा. बोल."

उमेशनं ताबडतोब हो म्हटलं. दोन-अडीच महिन्यांचा अवधी होता आणि शास्त्र त्याच्या बाजूला होतं. शास्त्र बाजूला असलं की माणूस बाकीच्यांकडं बघायचं विसरतो.

पहिली गरज साधनांची. बाईंनी एक लाकडी ठोकळा दाखवला होता. त्यात दहा भोकं आणि दहा खुंट्या, प्रत्येक खुंटी वेगळ्या जाडीची. खुंटी आपल्याच भोकात नीट बसते. चुकीच्या ठिकाणी घातली की शेवटी एक उरते आणि कुठंच जात नाही. मग मूल स्वतः शोधतं की गडबड कुठं झाली. 'चुकलीस' असं कोणाला सांगावं लागत नाही. उमेशला ही कल्पना इतकी आवडली की त्यानं मापं मिलिमीटरमध्ये काढून आकृती केली आणि ती घेऊन तो थेट अळणावरला गेला. तिथं आनंदा नावाचा सुतार दारं, चौकटी आणि देव्हारे करतो.

आनंदानं आकृती आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली. "म्हंजे पोरगी चुकावी म्हणून बनवायचं?"

"चुकली तर तिला कळावं म्हणून."

"हां," आनंदा म्हणाला. त्या 'हां'मध्ये काय होतं ते उमेशला पुढच्या खेपेला कळलं.

ठोकळा सुरेख झाला होता. सागवानी, वरून हात फिरवला तर रेशीम वाटावं असा. दहा खुंट्या दहा जाडीच्या. फक्त भोकं सगळी सारखी होती, सगळ्यांत जाड खुंटीच्या मापाची.

"कुठलीबी कुठंबी बसती बघा," आनंदा खुंट्या टाकून दाखवत म्हणाला. "लेकरू रडायचं न्हाई."

"पण मग चूक कशी कळणार?"

"चूक हुईतच न्हाई की, मालक."

उमेश चौकटीबाहेर उभा राहून थोडा वेळ तरी आनंदाच्या बाजूनं विचार करत राहिला. दुसरा ठोकळा करून द्यायला आनंदा तयार होता, पण लग्नसराईच्या कपाटांमुळं ते काम पावसाळ्यानंतरच होणार होतं. हा ठोकळा अक्कानं पानाच्या तबकाशेजारी ठेवला. एका भोकात सुपारी, एकात लवंग, एकात वेलदोडा. घरातली दुसरी कुठलीही वस्तू इतकी उपयोगाची निघाली नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मग उमेशनं घरगुती साधनांवर भर दिला. दुकानाच्या वर साड्यांच्या गठ्ठ्यांची खोली होती. तिचा निम्मा भाग मोकळा करून त्यानं चटई घातली आणि बुटकी फळी ठोकली. लाकडी चौकटींवर कापडाचे दोन पल्ले ताणून त्यानं एकीवर बटणं लावली, एकीवर हुक, एकीवर नाड्या. बक्कलचीही चौकट करायची होती. पण कापडाच्या दुकानात जगातलं सगळं मिळतं, बक्कल मिळत नाही. तेवढी राहिली. पुट्टीनं ते नेमकं लक्षात ठेवलं, कारण शेजारच्या बसण्णांची नात शाळेचे बूट घालून जिन्यावर बसे, आणि तिच्या बुटांना बक्कलं होती.

हे बसण्णा म्हणजे स्टीलच्या भांड्यांचे ठोक व्यापारी. उमेशनं पाणी ओतायला काचेचा जग आणि काचेचे छोटे पेले आणले, ते त्यांच्या दुकानावरूनच न्यावे लागले, आणि हे त्यांच्या मनाला लागलं.

"गाजु बेडा, उमेशप्पा," ते म्हणाले. "काच नको. स्टील घे. स्टील पडलं तर आवाज होतो, आवाज झाला की आई येते. काच पडली तर आई येते, डॉक्टर येतो, आणि झाडणारी बाई येत नाही."

"फुटतं म्हणूनच काच, बसण्णा. जपून धरायचं हे वस्तूनंच शिकवायला पाहिजे."

"माझ्या दुकानात वस्तू शिकवत बसल्या तर मी काय विकू?" बसण्णा म्हणाले, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वर येऊन पेले फुटले का याची चौकशी करू लागले. फुटले नाहीत असं कळलं की ते खिन्न होऊन उतरत.

उमेशनं खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला: 'मुलांची खोली. मोठ्यांनी हात मागे ठेवावेत.' तो घरच्यांसाठी होता. पण पेठेत कागद वाचला जातोच. हुपरीकरांनी शाळा काढली अशी बातमी आधी चहाच्या गाड्यावर गेली, तिथून भाजीबाजारात. दोन बायका मुलांना घेऊन व्हॅनची वेळ विचारायला आल्या. त्यांच्या मागोमाग एका कार्यालयातून खांद्याला पिशवी लावलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी दुकानाच्या परवान्यावर शाळा कशी चालते, असं विचारलं.

"शाळा नाही हो. माझी मुलगी आहे."

"विद्यार्थी एक," गृहस्थ म्हणाले. "शिक्षक?"

उमेश खोटं बोलत नाही. प्रयोगशाळेत लागलेली सवय. "चार म्हणायला हरकत नाही. पण ते शिकवत नाहीत."

"मग काय करतात?"

"हात मागे बांधून बसतात. कोणी विचारलं तरच उठतात."

गृहस्थांनी पेन बंद केलं. "हे शाळेत येत नाही. हे कार्यालय झालं." त्यांनी पाणी मागितलं, पुट्टीच्या जगातलं प्यायले आणि जाताना दाराकडं बोट दाखवून म्हणाले, "बोर्डावर कन्नड पाहिजे. आणि ते वर पाहिजे, मोठं."

उमेशनं कन्नड ओळ वर आणि मोठी लिहिली. परिणाम असा झाला, की आता तो कागद हमालांनाही वाचता येऊ लागला, आणि गठ्ठे घेऊन आलेली माणसं गठ्ठा टाकला की हात मागं बांधून पुट्टीकडं बघत उभी राहू लागली.

घरच्यांना मात्र ते जमेना. अक्का पहाटे उठून सगळ्या चौकटींची बटणं लावून ठेवी, "पोरीला सकाळी सकाळी त्रास नको" म्हणून. पुट्टी येऊन बघे, तर काम झालेलं. ती चौकट परत फळीवर ठेवी आणि जिन्यावर जाऊन बसे. मुकुंदराव नुसतं बघायला येत, हात मागे धरून येत, आणि दोन मिनिटांत त्यांचा उजवा हात डाव्यातून निसटून चटईची सुरकुती काढू लागे. शेवटी उमेशनं एका कटपीसनं त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. मुकुंदरावांनी ते होऊ दिलं, पण गाठ उमेशला नीट जमत नव्हती म्हणून ती त्यांनी स्वतःच मागच्या मागं मारून दिली.

आणि पुट्टी? पुट्टी ओतत नव्हती. उमेशनं पहिल्या दिवशी जगातून पेल्यात कसं ओतायचं ते एकदा करून दाखवलं होतं. तिनं ते लक्ष देऊन पाहिलं. मग जग सरळ ट्रेमध्ये उलटा केला, फळीवरचं पुसायचं फडकं आणलं, पाणी टिपलं, फडकं बादलीत पिळलं, पुन्हा टिपलं, आणि ट्रे कोरडा झाल्यावर तळहात फिरवून पाहिला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातही तेच. तिच्या दृष्टीनं ओतणं हे पुसण्याच्या आधीचं एक किरकोळ काम होतं.

"हिला मोलकरीण करायची आहे का?" मुकुंदरावांनी विचारलं.

"तिची निवड आहे, अप्पा. मुलाचं एखाद्या कामात मन रमलं की मोडायचं नाही."

असं म्हणणं सोपं होतं. होळी झाली, पाडव्याची गुढी उतरली, लग्नसराईचा माल दुकानात उतरला, आणि पुट्टी अजून पुसत होती. तिला घाई करायची नाही हा उमेशचाच नियम. 'पेल्यात ओत' असं सांगायचं नाही हाही त्याचाच. दुसऱ्यानं केलेले नियम वाकवता येतात. आपण कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेले वाकवता येत नाहीत.

मग त्यानं एक मार्ग काढला, ज्याचा उल्लेख त्यानं बाईंसमोर कधीच केला नसता. पुट्टी समोर असली की तो सहज म्हणून जगातून पेल्यात पाणी ओते आणि पिई. पुन्हा ओते, पुन्हा पिई. दुपारी, संध्याकाळी, जेवताना. तिच्याकडं बघत नसे. खिडकीबाहेर बघत असे. असं काही दिवस चाललं.

"बाबाला तहान लागली आहे," पुट्टीनं अनिताला सांगितलं.

"बाबाला मधुमेह झाला असेल," अनिता म्हणाली. "आणि हे शिकवणं नव्हे वाटतं?"

"मी पाणी पितो आहे," उमेश म्हणाला, आणि घाईघाईनं उठून गेला, कारण त्याला जावंच लागलं.

रामनवमीच्या सकाळी दुकानाच्या दारात तोरण लागलं. पितळी पिंपात पानक, परातीत कोशिंबीर. लग्नसराई असल्यामुळं एक मंडळी बस्ता बांधायला आली होती. पांढऱ्या गादीवर शालू, पैठण्या, इरकली उलगडून पडल्या होत्या आणि एका टोकाला आहेरासाठीच्या सुती पंच्यांचा गठ्ठा होता. मुकुंदरावांनी हे सगळं आवरायला हवं होतं. पण बस्ता बांधायला आलेल्या गिऱ्हाइकासमोरचं कापड उचलणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट उचलणं.

देसाईसाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी. ते गादीवर मांडी घालून बसले. त्यांना अट माहीत होती. मुकुंदरावांनीच सांगितली होती, थोडी स्वतःच्या बाजूनं. बसण्णा दुकान टाकून आले होते आणि काचेच्या जगापासून सुरक्षित अंतरावर उभे होते. उमेशनं हात मागे बांधले. ते बघून अक्कानं बांधले, बसण्णांनी बांधले आणि बस्त्याच्या मंडळींनीही, काहीतरी विधी असेल म्हणून, बांधले.

पुट्टी दोन्ही हातांनी जग धरून आली. चालताना ती जगाकडं बघत होती आणि माणसांकडं अजिबात बघत नव्हती. साहेबांपुढं ट्रेमध्ये पेला होता. ती गुडघ्यांवर बसली. जगाचं तोंड पेल्याजवळ आणलं आणि थांबली.

ती बराच वेळ थांबली. रस्त्यावर एका रिक्षानं हॉर्न दिला, पंखा डगमगला, बस्त्यातल्या एका मावशीला ठसका आला आणि तिनं तो आतल्या आत मारला. उमेशच्या डोक्यात एकच विचार होता: आता ती जग उलटा करणार. गेले दोन महिने तिनं दुसरं काही केलेलं नव्हतं.

पुट्टीनं जग किंचित कलता केला. पानकाची बारीक धार पेल्यात पडू लागली. धार तुटली नाही, हलली नाही. पेला पाव भरला, निम्मा भरला.

तेवढ्यात देसाईसाहेब भले गृहस्थ असल्यामुळं घात झाला. पेला भरत आलेला बघून ते म्हणाले, "पुरे, बाळ, पुरे," आणि त्यांनी पेल्याकडं हात पुढं केला. मुकुंदरावांना दिसलं ते एवढंच, की गिऱ्हाइकाचा हात निघाला आहे. वडिलांनी शिकवलेला नियम जागा झाला. साहेबांचा हात पोचायच्या आत त्यांचा पोचला. दोन्ही हात पेल्यावर एकदमच आदळले, पेला उडाला, आणि पानक साहेबांच्या धोतरावर, तिथून गादीवर असं गेलं.

जग पुट्टीच्या हातात होता तसाच होता. तिनं तो खाली ठेवला.

"सांडलं," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, उलट बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटावं असं काहीतरी होतं. तिनं फडक्यासाठी आजूबाजूला पाहिलं. फडकं वर होतं. पण इथं तर सगळीकडं कापडच होतं. तिनं हाताशी होता तो उचलला. तो जांभळा जरीचा शालू होता.

आता खरी परीक्षा उमेशची होती, आणि ती कोणी ठरवलेली नव्हती. एक शब्द बोलला असता तर शालू वाचला असता. पण पोरगी कामात होती आणि तिनं मदत मागितली नव्हती. उमेशनं पाठीमागं एका हातानं दुसरा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. मुकुंदरावांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचा हात शालूच्या दिशेनं अर्धा निघालेला होता. मग, नुकत्याच झालेल्या प्रकाराची आठवण होऊन, त्यांनी तो परत घेतला आणि पाठीमागं दुसऱ्या हातात दिला.

शालू साहेबांच्या धोतरावरून फिरला. जरीचं कापड ओल टिपण्याऐवजी पसरवतं, हे उमेशला तात्त्विकदृष्ट्या माहीत होतं. पुट्टीला ते प्रयोगानं कळलं. डाग वाढलेला तिनं पाहिला. शालूचं टोक दोन बोटांत चोळून बघितलं, मग इरकलीच्या काठावरून हात फिरवला, मग उठून गादीच्या टोकाला गेली, पंच्यांच्या गठ्ठ्यातला एक चोळला आणि तो घेऊन आली. पंच्यानं ओल टिपली. तिनं धोतर टिपलं, गादी टिपली, तळहात फिरवून पाहिला.

मुकुंदरावांनी घसा साफ केला. "पुट्टव्वा, पंचा घे असं तुला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. हे पाणी पितं," ती पंचा दाखवून म्हणाली. शालूकडं बोट केलं. "हे नाही पीत."

दुकानात नवीन नोकर आला की त्याला डोळे मिटून कापड चोळायला लावून सूत आणि रेशीम ओळखायला शिकवायचं, हे मुकुंदरावांचं वर्षानुवर्षांचं काम. उमेशला शिकवताना तर त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं.

"हात लागला," अक्का म्हणाली. अट तिनं घातली होती, निकाल तीच देणार. "तुझा लागला, मुकुंदा. पोरीनं थेंब सांडला नाही."

"सांडवलं मी," मुकुंदराव म्हणाले. "मान्य आहे. वर्षभर वरची खोली तिची." मग बस्त्याच्या मावशीनं "आम्ही तोच शालू धरला होता हो" असं म्हणताच "तसाच दुसरा आहे" म्हणत त्यांचा हात आपोआप वरच्या फळीकडं गेला.

उमेश जिंकला होता. त्यानं हात सोडले. बोटांत रक्त परत येताना होणाऱ्या मुंग्या त्याला विजयाच्या वाटल्या. एवढ्यावर कथा संपली असती, पण देसाईसाहेब भले गृहस्थ होते हे वर आलेलंच आहे. ओलं धोतर सावरत त्यांनी पुट्टीला जवळ घेतलं आणि केवळ काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय मग, आमच्या शाळेत नाही ना येणार?"

पुट्टीनं विचार केला. "बक्कलचे बूट आहेत?"

"शाळेत? आहेत की. सगळ्यांना तेच."

"मग येते."

"पुट्टी," उमेश म्हणाला, "अगं, तिथं..."

पुढचं वाक्य त्याच्याकडं तयार होतं. तोंडावरचं बोट, चार रेघांची वही, पानभर एकच अक्षर. पण त्याच्या लक्षात आलं की अनिता फोन खाली ठेवून त्याच्याकडं बघते आहे.

"तिनं मदत मागितली का?" अनितानं विचारलं.

उमेशनं हात पुन्हा मागे बांधले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी व्हॅन दाजीबानपेठेत आली तेव्हा पुट्टी दुकानाच्या पायरीवर बसली होती. गणवेश अंगावर होता. बटणं तिनंच लावली होती, एक चुकवून आणि मग सगळी काढून पुन्हा. आता बूट चालले होते. बक्कलचा पट्टा तिनं कडीतून ओवला, तो निसटला, तिनं पुन्हा ओवला. व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. व्हॅनमागं गठ्ठ्यांचा हातगाडा थांबला, त्याच्यामागं दोन रिक्षा, त्यांच्यामागं बसण्णांचा माल घेऊन आलेला टेम्पो. उमेश पायरीशेजारी हात बांधून उभा होता. ती शाळा त्याला अजूनही पटली नव्हती, आणि अजूनही कोणी त्याला विचारलं नव्हतं.

व्हॅनवाला उतरला. "बिडी, अण्णा, सोडा. मी लावतो, एका मिनिटाचं काम," म्हणत तो वाकला.

"ए," मागून मुकुंदराव म्हणाले. ते गादीवरून उठून पायरीपर्यंत आले होते आणि त्यांचे हात पाठीमागं होते. कटपीसशिवाय. "हात मागे."

व्हॅनवाल्यानं एकदा उमेशकडं पाहिलं, एकदा आपल्या दुकानाच्या दारात हात बांधून उभ्या असलेल्या बसण्णांकडं, आणि हात मागे घेतले. हातगाडीवाल्यानं गाडा टेकवला आणि तोही तसाच उभा राहिला. पेठ थांबली.

पट्टा कडीतून गेला. काटा भोकात बसला. पुट्टीनं बुटाकडं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि तिचं समाधान झालं. मग तिनं बक्कल काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं.